मोबाइलमधला फोटो भिंतीवर पोचेपर्यंत

आजोबा गेले त्या रात्री चुलतभावाने विचारलं, "फोटो कोणता लावायचा?" घरात सात मोबाइल होते आणि सगळ्यांत मिळून काही हजार फोटो. दोन तास धुंडाळले. एकात आजोबांचे डोळे मिटलेले, एकात अर्धं तोंड केकच्या मागे, एकात सगळं ठीक पण फोटोच हललेला. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून काढला, तोही व्हॉट्सॲपवरून पाच घरं फिरून आलेला. मोठा करून फ्रेममध्ये बसवल्यावर चेहऱ्याला ओल लागल्यासारखं दिसायला लागलं. उजव्या खांद्यावर एका हिरव्या शालूचा काठ आजही दिसतो. तो शालू कुणाचा, यावर आमच्याकडे दर श्राद्धाला चर्चा होते.

तेव्हापासून मी उलट टोकाकडून सुरुवात करतो. आधी भिंत, मग मोबाइल. फोटो कुठे लागणार, केवढा लागणार हे ठरलं की काढताना काय सांभाळायचं ते बरंचसं आपोआप ठरतं. पुढची सगळी कृती मी एकाच फोटोच्या आधाराने सांगतो. फोटो माझ्या आत्याचा, चिपळूणजवळच्या घरी ओटीवर बसून वाती वळतानाचा. छापायचा होता १२×१८ इंच, आणि लावायचा होता माजघराच्या भिंतीवर.

आधी फोन तयार करा

लेन्स पुसा. सल्ला इतका साधा आहे की कुणी ऐकत नाही. फोन दिवसभर खिशात, हातात, स्वयंपाकघरात ओट्यावर असतो. लेन्सवर बोटांचं तेल बसतं आणि फोटोवर दुधाळ पडदा येतो. दिव्यांभोवती लांब रेघा फुटलेल्या दिसल्या तर बहुतेक वेळा दोष लेन्सवरच्या तेलाचा असतो. चष्म्याचं फडकं किंवा धुतलेलं मऊ सुती कापड पुरे.

मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा. फोटोचं प्रमाण ४:३ ठेवा. बहुतेक फोनचा सेन्सर (लेन्समागची उजेड टिपणारी चिप) त्याच आकाराचा असतो. १६:९ किंवा 'फुल' निवडलं की फोन कडेचा भाग कापून टाकतो, आणि तो नंतर परत मिळत नाही. ग्रिडच्या रेघा चालू करा. क्षितिज, दाराची चौकट, ओटीचा खांब सरळ आहेत का ते त्यांच्यावरून कळतं. आणि ते ब्यूटी प्रकरण पूर्ण बंद करा. ते आत्याच्या सुरकुत्या घासून काढतं आणि तिच्या जागी मेणाची बाई बसवतं.

मेगापिक्सेलबद्दल एक गैरसमज दूर करतो. फोनवर ५० मेगापिक्सेल लिहिलेलं असलं तरी एरवी तो १२ च्या आसपासचाच फोटो देतो, कारण चार-चार पिक्सेल, म्हणजे फोटोचे ठिपके, जोडून तो एक करतो. त्यामुळे कमी उजेडात फोटो स्वच्छ येतो. यात फसवणूक काही नाही. १२ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ४०००×३००० पिक्सेल, आणि घरातल्या भिंतीला एवढं भरपूर होतं. हिशोब पुढे देतो.

लेन्स मुख्य, म्हणजे १× वाली वापरा. फोनमधला सगळ्यात चांगला सेन्सर सहसा तिच्यामागेच असतो. ०.५× किंवा ०.६× वाली वाइड लेन्स देवळाचं आवार किंवा अख्खी दरी घ्यायला ठीक आहे, पण ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या काकूंना ती उगाच दुप्पट रुंद करते आणि शिव्या आपण खातो.

उजेड शोधणं

अर्धा फोटो इथेच होतो, त्यामुळे वेळ काढा. माझी पद्धत अशी. जिथे फोटो काढायचा तिथे उभं राहून आपलीच मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरायची आणि जागेवर हळूहळू गोल फिरायचं. बोटांच्या पेरांवरच्या सावल्या बघत राहायचं. एका दिशेला मूठ सपाट, पुठ्ठ्याची वाटते. एका दिशेला अर्धी काळीठिक्कर पडते. मध्ये कुठेतरी अशी जागा येते की प्रत्येक पेर वेगळं दिसतं, तरी सावलीतलंही सगळं वाचता येतं. माणसाने तिथे, मुठीच्या जागी, आपल्याकडे तोंड करून बसायचं. साधारणपणे उजेड समोरून थोडा बाजूने आणि थोडा वरून येतो तेव्हा असं होतं.

आमच्या ओटीवर हे सकाळी नऊच्या सुमाराला जमतं. ऊन अंगणात असतं, ओटीवर नसतं, आणि अंगणातून उसळलेला मऊ उजेड आत येतो. फ्लॅटमध्ये हेच काम खिडकी करते. थेट ऊन आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. भर दुपारी बाहेर काढायचाच असेल तर माणसाला पडवीच्या कडेला, सावलीत पण उजेडाकडे तोंड करून बसवा. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि सगळे आजारी दिसतात.

आतली ट्यूब बंद करा, बल्बही. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा असतो. दोन्ही एकत्र आले की एक गाल हळद लावल्यासारखा आणि दुसरा थंडीने गारठल्यासारखा येतो, आणि कॅमेऱ्याला दोन्ही एकदम दुरुस्त करता येत नाहीत.

आत्याची डावी बाजू तरीही जरा काळी पडत होती. धुतलेली पांढरी चादर खुर्चीच्या पाठीवर टाकून खुर्ची तिच्या डाव्या हाताला, फोटोत येणार नाही अशी ठेवली. गालावर लगेच उजेड चढला. स्टुडिओवाले यासाठी चंदेरी छत्र्या ठेवतात. आपल्याला चादर चालते. फक्त रंगीत नको, नाहीतर गुलाबी चादरीचा गुलाबी गाल होतो.

आता फोनला सांगायचं की महत्त्वाचं काय आहे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि तसंच दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतात. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह किंवा पट्टी येते. ती किंचित खाली ओढा. किंचित अंधार चालतो, कारण काळोख्या भागातला तपशील नंतर बराचसा वर काढता येतो. पांढरी टोपी, पांढरं धोतर, साडीची जरीची किनार एकदा जास्त उजेडाने जळून पांढरीफटक झाली की तिथे काही उरतच नाही. फोन स्वतः बऱ्यापैकी सांभाळून घेतो, पण माणूस पांढऱ्या कपड्यात असेल तर मी अजूनही फोनवर भरवसा ठेवत नाही.

माणूस

हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान गायब होतात. दीड-दोन मीटर मागे सरा आणि २× करा. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये २× हा मुख्य सेन्सरच्या मधल्या भागातूनच घेतलेला असतो, त्यामुळे फार नुकसान होत नाही. त्यापुढे मात्र वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स नसेल तर ५×, १०× म्हणजे नुसतं ताणलेलं चित्र. त्यापेक्षा चार पावलं पुढे चाला.

कॅमेरा त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. आत्या पाटावर बसलेली, म्हणून मीही जमिनीवर मांडी घातली. लहान मुलांचे फोटो उभ्याने काढले की नुसते भांग येतात.

मागे काय आहे ते बघा. बघा म्हणजे स्क्रीनच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. कॅलेंडर, स्विचबोर्ड, दोरीवरचे टॉवेल, डोक्यातून उगवलेला खांब. बहुतेक वेळा एक पाऊल डावीकडे सरकलं की प्रश्न मिटतो. मी टॉवेल काढले, पितळी समई मुद्दाम ठेवली.

आणि मग ती अडचण, जिच्यावर सेटिंग नाही.

"थांब, पदर तरी नीट घेऊ दे."

"आहे तसाच राहू दे, आत्या."

"दात दिसायला नकोत हं."

फोन समोर आला की आपली माणसं शाळेतल्या फोटोसारखी ताठ होतात. 'हस' म्हटलं की आणखी बिघडतं. त्यांच्या हाताला काम द्या. शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, पान लावणं, काहीही. आत्याला म्हटलं, फोटो जाऊ दे, तुझ्या वाती होऊ देत. पहिले दहा-बारा फोटो मी नुसते काढायचे म्हणून काढले, बटणाच्या आवाजाची तिला सवय व्हावी एवढ्यासाठी. मग गावातल्या जत्रेचा विषय काढला. एक वात पूर्ण झाली, ती तिने उजेडाकडे धरून बघितली, आणि पुढच्या कापसाला हात घालण्याआधी एक क्षण थांबली. तो फोटो.

हात हलू नये म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवा, खांबाला पाठ लावा, आणि स्क्रीनऐवजी आवाजाच्या बटणाने फोटो काढा. पोर्ट्रेट मोडचा, म्हणजे मागचं सगळं धूसर करण्याचा, मोह आवरा. फोनवर तो झकास दिसतो. पण मोठा छापला की गजऱ्याची फुलं अर्धी पुसलेली, चष्म्याची काडी मध्येच तुटलेली आणि नथीचा मोती धुक्यात गेलेला सापडतो. वापरायचाच असेल तर धूसरपणा निम्म्यावर आणा. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा.

बाकीच्या वेळा

गणपतीत फ्लॅश बंद. मखरातल्या एलईडी माळांमुळे फोन गोंधळतो, म्हणून बोट मूर्तीच्या चेहऱ्यावर टेकवा आणि उजेड चांगलाच खाली ओढा. नाइट मोड एक-दोन सेकंद किंवा जास्त वेळ बरेच फोटो घेऊन त्यांचा एक करतो. मूर्तीसाठी तो उत्तम, पण आरतीचं तबक फिरत असेल तर हातांचा चिखल होतो. धावत्या मुलांसाठी भरपूर उजेड आणि बटण दाबून धरून सलग पंधरा-वीस फोटो, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही. सह्याद्रीतल्या धुक्यात फोन सगळं राखाडी करून ठेवतो. तिथे उलट पट्टी थोडी वर ओढायची.

जुन्या तसबिरींचे फोटो काढायचे तर जरा जास्त काळजी घ्या, कारण ती एकच प्रत असते. शक्य असेल तर फोटो काचेतून बाहेर काढा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, पापुद्रा निघतो. बाहेर सावलीत, सपाट जागेवर ठेवा, फोन त्याच्या अगदी समांतर धरा आणि २× वर काढा म्हणजे कडा वाकत नाहीत. काच असेल तर स्वतः गडद कपडे घाला. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब नेमकं पणजोबांच्या पगडीवर पडतं.

निवडणं आणि सुधारणं

काढले त्याच दिवशी निवडू नका. त्या दिवशी सगळेच आवडतात. आत्याचे ४१ फोटो होते. दुसऱ्या दिवशी आधी डोळे मिटलेले आणि हललेले काढून टाकले, उरलेल्यांत आवडतील त्यांना हृदयाची खूण केली, तीन उरले. ते प्रत्येकी पूर्ण मोठे करून डोळे बघितले. पापण्या वेगवेगळ्या दिसायला हव्यात. एकच फोटो त्यात पास झाला.

सुधारणा थोड्या. स्नॅपसीड हे गूगलचं मोफत ॲप पुरतं, फोनमधलं एडिटही चालतं. आधी सरळ करा, मग अंधारा भाग जरा वर, जळका भाग जरा खाली, गरज असेल तर किंचित उबदारपणा. रंग गडद करायची पट्टी ओढू नका. हिरवं झाड प्लास्टिकचं होतं आणि माणसाला कावीळ.

एक गोष्ट मी दोनदा पैसे घालवून शिकलो. फोनची स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही. म्हणून स्क्रीनवर छान दिसणारा फोटो छापल्यावर अंधारा येतो. एडिट करताना स्क्रीनचा उजेड निम्म्यावर ठेवा आणि आपोआप कमीजास्त होणं बंद करा. मोठा छापण्याआधी ४×६ ची एक प्रत काढून घ्या, आणि ज्या भिंतीवर लावायचा तिथेच संध्याकाळच्या दिव्यात धरून बघा. माजघरात उजेड कमी, म्हणून माझ्या फोटोतला उजेड मी आणखी थोडा वाढवला.

छापणं

आता तो हिशोब. जवळून, हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० पिक्सेल असले की चांगला. भिंतीवरचा फोटो आपण चार-पाच फुटांवरून बघतो, तिथे २०० सुद्धा छान दिसतात. ४००० पिक्सेल लांबीचा फोटो १८ इंचांवर पसरला तर इंचाला २२२ येतात. म्हणजे काम झालं. २× ने काढताना तुमचा फोन खरोखर १२ मेगापिक्सेलचा फोटो देतोय का, तेवढं त्या फोटोच्या माहितीत बघून घ्या.

हाच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १८ इंचांवर ते जेमतेम ८९. आजोबांच्या चेहऱ्याला ओल का लागली ते यात आलं. आणि तरी, छपाईच्या दुकानात गेलो की पहिलं वाक्य असतं, "या नंबरवर व्हॉट्सॲप करा." करा, पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा, मग तो जसाच्या तसा जातो. नाहीतर पेन ड्राइव्ह न्या किंवा गूगल ड्राइव्हची लिंक द्या.

दुसरी गफलत आकाराची. फोनचा फोटो ४:३, पण ४×६, ८×१२, १२×१८ हे कागद ३:२. आडवा फोटो पूर्ण कागदभर छापला तर उंचीतला नववा भाग कापला जातो. दुकानात तो कुठून कापायचा ते मशीन ठरवतं, आणि मशीनला आत्याचा अंबाडा आणि रिकामी जमीन यांतला फरक कळत नाही. त्यामुळे कातरी आपल्या हातात ठेवा. घरीच ३:२ मध्ये कापून न्या. मुळात फोटो काढतानाच चारी बाजूंनी थोडी जागा सोडा. काहीच कापायचं नसेल तर ६×८ किंवा १२×१६ मागा, ते नेमके ४:३ आहेत.

दुकानात आणखी दोन गोष्टी सांगा: 'करेक्शन करू नका' आणि 'मॅट द्या'. पहिली सांगितली नाही तर गोरेपणा फुकटात मिळतो. ग्लॉसी, म्हणजे चकचकीत कागदावर रंग जास्त उठतात, अल्बमला तो चांगला. भिंतीवर मात्र त्यात समोरची खिडकी दिसते.

फ्रेम आणि भिंत

फ्रेमवाल्याला माउंट लावायला सांगा. माउंट म्हणजे फोटोभोवतीचा जाड पुठ्ठ्याचा चौकोन. दिसायला चांगला दिसतोच, पण कोकणात त्याचं खरं काम वेगळं आहे. त्याच्यामुळे फोटो काचेला टेकत नाही. टेकला की एखाद्या पावसाळ्यात ओलाव्याने चिकटतो आणि मग आयुष्यभर सुटत नाही. रंग पांढरा किंवा फिकट बदामी. माउंट धरला तर फ्रेम फोटोपेक्षा मोठी होते, तेव्हा भिंतीचं माप आधी घ्या.

फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा. फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागून हवा खेळते, बुरशी कमी धरते. पावसात ओल येणारी भिंत मुळात टाळाच. थेट ऊन पडणारी भिंतही टाळा. शेगडीच्या जवळची तर नकोच.

आपल्याकडे तसबिरी दारावर, छताला टेकतील अशा लावायची जुनी सवय आहे. देवांना ते शोभतं, माणसांचे फोटो मात्र तिथे कुणी बघत नाही. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेसमोर येतो. ज्या खोलीत सगळे दिवाणावर किंवा झोपाळ्यावर बसतात तिथे आणखी १५-२० सेंटीमीटर खाली घ्या. बरेच फोटो एकत्र लावायचे तर वर्तमानपत्र फ्रेमच्या मापाने कापा, ते तुकडे चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. येता-जाता कळतं काय खटकतंय. फ्रेमांमध्ये पाच-सात सेंटीमीटर अंतर पुरे. खिळा मग ठोका.

टीव्हीवर किंवा जुन्या टॅबवर फोटो फिरते ठेवणं सोपं आहे, चांगलंही आहे, पण आमच्याकडे आठवड्याभरात तो टॅब नातवाच्या कार्टूनकडे गेला.

मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवा, एक फोनबाहेर हवाच. गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, आता सगळं मिळून १५ जीबी. ती मीमने भरली की घरचे फोटो बाहेर राहतात. मी निवडलेले मूळ फोटो हार्ड डिस्कवर टाकतो आणि फाइलला नाव देतो. फ्रेममध्ये घालण्याआधी छापील फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने कोण, कुठे, कधी ते लिहितो. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. आणि नुसतं 'आत्या' लिहून चालत नाही. पन्नास वर्षांनी ज्याच्या हातात ती फ्रेम येईल त्याची आत्या वेगळी असेल.

फ्रेम लागली त्या दिवशी आत्या समोर जाऊन उभी राहिली. पदर बघितला, दात दिसत नाहीत याची खात्री केली. मग चष्मा पुसून परत जवळ गेली आणि म्हणाली, "ही तिसरी वात जरा जाड झाल्येय."